सोसायटीतले झाड शेंड्याकडून वाळत असेल तर : आधी काय तपासावे आणि कुठे थांबावे

मुंबई, ठाणे आणि पुणे येथील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारातील झाडांची देखभाल करताना एक तक्रार मला दरवर्षी ठरलेल्या शब्दांत ऐकावी लागते : झाड वरून वाळत चालले आहे, काहीतरी औषध फवारा, नाहीतर तोडून तरी टाका. झाड गुलमोहर असो, रेन ट्री असो, सोनमोहर असो किंवा आंबा, दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते आणि ते ठिकाण शेंड्यावर नसते. फवारणी आणि करवत ही दोन्ही कामे म्हणूनच पुढील क्रमात अगदी शेवटी आली आहेत.

लक्षणे

सर्वांत वरच्या आणि टोकाकडच्या बारीक फांद्या पावसाळा सुरू झाला तरी पालवत नाहीत आणि काटक्यांसारख्या उघड्या राहतात. उरलेल्या फांद्यांवर पाने येतात, पण ती नेहमीपेक्षा लहान, फिकट आणि विरळ असतात. झाडाखाली उभे राहून वर पाहिले असता पूर्वी जेथे सलग सावली होती तेथे आता आकाशाचे तुकडे दिसतात. खोडावर किंवा जाड फांद्यांवर, जेथे एरवी काही फुटत नाही तेथे, कोवळ्या फुटव्यांचे झुबके येतात. सोसायटीतील लोक हे झुबके पाहून झाड सावरले असे समजतात; प्रत्यक्षात शेंड्यापर्यंत पाणी पोहोचत नसल्यामुळे झाडाने जवळच्या जवळ पाने काढलेली असतात. काही झाडांची एकच बाजू वाळते. काहींच्या बुंध्याशी साल सुटते, चिकट स्राव गळतो, लाकडाचा भुसा पडलेला दिसतो किंवा पावसाळ्यात टणक, पंख्यासारखी भूछत्रे उगवतात.

यांपैकी शेवटचे लक्षण, म्हणजे बुंध्यावरची भूछत्रे, किंवा खोडाला पडलेली भेग किंवा झाडाचा नव्याने आलेला कल दिसत असेल, तर पुढच्या सोप्या तपासण्यांत वेळ घालवू नये आणि थेट ‘येथे थांबावे’ या भागाकडे जावे. बाकी सर्वांनी क्रमाने जावे.

पहिली तपासणी : झाड खरोखर वाळते आहे का?

या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि तिच्यामुळे बऱ्याच तक्रारी तेथल्या तेथे मिटतात. आपल्याकडची अनेक झाडे फेब्रुवारी ते मे या काळात स्वभावतःच पाने टाकतात. पांगारा आणि काटेसावर पर्णहीन अवस्थेतच फुलतात, बहावा फुलोऱ्याच्या वेळी जवळजवळ निष्पर्ण असतो, शिरीषाच्या अंगावर तेव्हा वाळक्या शेंगांशिवाय काही उरत नाही आणि पिंपळ तर काही दिवसांत उघडा होऊन तांबूस पालवीने पुन्हा भरतो. मार्चमधील उघडा गुलमोहर हा रोगी गुलमोहर नव्हे. तोच गुलमोहर जुलैमध्ये उघडा असेल तर मात्र काळजी करावी.

शंका असल्यास हाताला येणाऱ्या काही बारीक फांद्यांची साल नखाने किंचित खरवडावी. आत ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा थर दिसला आणि फांदी वाकवताच कट्‌कन मोडली तर ती मेली आहे. एकाच फांदीवरून निष्कर्ष काढू नये, झाडाच्या चारही बाजूंच्या फांद्या पाहाव्यात आणि कोणती बाजू मेली आहे याची नोंद करून ठेवावी, कारण पुढच्या तपासणीत तिचा उपयोग होतो.

दुसरी तपासणी : गेल्या दोन-तीन वर्षांत येथे काय खणले?

मुळांना झालेली इजा झाडाच्या माथ्यावर उशिरा उमटते. मोठ्या झाडाच्या खोडात आणि उरलेल्या मुळांत साठवलेले अन्न असते; त्याच्या जोरावर ते एक-दोन हंगाम, कधी त्याहून अधिक काळ, वरकरणी ठीक दिसते. त्यामुळे झाड वाळू लागते तेव्हा खोदकाम कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. ही माहिती सचिवांच्या फाइलपेक्षा जुन्या वॉचमनकडे किंवा तळमजल्यावरच्या आजींकडे अधिक खात्रीने मिळते. गॅसची पाइपलाइन कधी आली, भूमिगत टाकीची दुरुस्ती कधी झाली, पेव्हर ब्लॉक कधी बसवले, कंपाउंडची भिंत नव्याने कधी बांधली, रस्त्याच्या काँक्रिटीकरणात बाहेरच्या बाजूला चर कुठून गेला, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे झाडाच्या वाळलेल्या बाजूशी ताडून पाहावीत. चर पूर्वेला आणि वाळलेल्या फांद्याही पूर्वेला, असे आढळले तर निदान जवळपास झालेच.

हे इतके महत्त्वाचे का, हे मुळांच्या रचनेवरून समजते. झाडाची मुळे फांद्यांइतकीच खोल जातात, असा सर्वसाधारण समज आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे मात्र जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि ती वरच्या थरातच मिळते. खोडापासून दोन-तीन फुटांवरून गेलेला दीड फूट खोलीचा साधा चर म्हणूनच एका बाजूची बहुतांश मुळे कापून टाकू शकतो. त्यात झाडाला पेलून धरणारी जाड मुळेही कापली जातात. पुढच्या पावसाळ्यात जमीन भिजून मऊ झाली आणि वारा सुटला की ‘चांगले हिरवेगार झाड अचानक पडले’ अशी बातमी होते, ती बहुधा अशाच झाडाची असते.

कापलेली मुळे परत जोडता येत नाहीत. एकीकडची जाड मुळे कापली गेल्याचे कळले आणि झाड उंच असेल, तर ते उभे राहण्याइतके मजबूत आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो आणि तो सोसायटीने स्वतः सोडवण्याजोगा नाही. झाड लहान असेल किंवा चर बराच दूरवरून गेलेला असेल तर पुढे चालू ठेवावे.

तिसरी तपासणी : खोडाला काय आवळले आहे?

खोडाभोवती एक संथ प्रदक्षिणा घालावी आणि हात फिरवून पाहावे. रोप लावताना बसवलेली लोखंडी जाळी, कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी, केबलवाल्याने गुंडाळलेली वायर, गणपतीत किंवा दिवाळीत लावलेली आणि न काढलेली दिव्यांची माळ, फलकाचे खिळे यांपैकी काही ना काही सापडतेच. झाड जाड होत जाते, वायर होत नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. तो थर चहूबाजूंनी आवळला गेला की मुळांची उपासमार सुरू होते आणि मुळे उपाशी राहिली की काही काळाने शेंडा तहानेला राहतो. आवळलेल्या जागेच्या वर खोड फुगलेले आणि खाली बारीक दिसले तर हेच घडत आहे असे समजावे.

वायर मोकळी असेल तर कापून काढावी. त्याआधी तिच्यात वीज नाही याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. वायर सालीत रुतून गेली असेल तर ती ओढून उपटू नये, कारण तिच्याबरोबर जिवंत साल निघते. जेथे जेथे ती उघडी दिसते तेथे कटरने तिचे तुकडे करावेत आणि आतला भाग तसाच राहू द्यावा. झाड त्याला पोटात घेते. जाळी कापण्यासाठी ग्राइंडर लावण्याचा मोह होतो, पण त्याच्या चकतीने खोडावर होणारी जखम जाळीपेक्षा वाईट ठरू शकते, त्यामुळे हाताच्या हॅकसॉ ब्लेडने काम करावे. गेरू-चुन्याच्या पट्ट्यांनी झाडाचे काही बिघडत नाही. ऑइलपेंट मात्र लावू नये.

चौथी तपासणी : बुंध्याभोवतीची जमीन

सर्वाधिक वेळ या तपासणीला द्यावा, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य झाडांचे दुखणे येथेच सापडते.

प्रथम बुंधा जमिनीत कसा शिरतो ते पाहावे. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरट होतो आणि त्याच्या मुळांचे खांदे वरून दिसतात. खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत शिरताना दिसले तर त्याच्यावर माती, डेब्रिज किंवा काँक्रीट चढले आहे असे खुशाल समजावे. खोडाची साल सतत ओल सहन करण्यासाठी बनलेली नसते. ती मातीखाली गाडली गेली की कुजते.

यातला सर्वांत लाडका प्रकार म्हणजे कट्टा. गावातल्या वडा-पिंपळाला पार असतो, म्हणून सोसायटीतल्या गुलमोहरालाही हवा, अशा विचाराने दोन फूट उंचीची गोल भिंत बांधली जाते, आत इमारतीच्या दुरुस्तीतून उरलेले डेब्रिज आणि वर लाल माती भरली जाते, त्यात शोभेची झाडे लावून रोज पाणी घातले जाते आणि वरून ग्रॅनाइट बसवले की समितीचे काम पूर्ण होते. वड हवेतही मुळे सोडतो आणि पिंपळ, उंबर भिंतीच्या फटीतही जगतात, त्यांना हे बरेचसे सोसते. गुलमोहर, आंबा किंवा बकुळ यांना ते सोसत नाही. कट्टा बसण्यासाठी हवाच असेल तर खोडापासून दूर, पोकळ आणि मूळ जमिनीच्या पातळीला धक्का न लावता बांधावा. पण खोडाला टेकलेली माती हलक्या हाताने, खुरप्याने आणि शेवटी बोटांनी, मुळांचे खांदे दिसेपर्यंत काढलीच पाहिजे.

त्यानंतर पेव्हर ब्लॉक. ते दिसायला सुटे असल्यामुळे त्यांतून पाणी झिरपते असे सांगितले जाते. खाली काय असते हे एकदा ब्लॉक उचलून पाहावे. वर दोन बोटे बारीक खडीची कच असते, तिच्याखाली कित्येकदा सिमेंट-काँक्रीटचा थर असतो आणि त्याच्याखाली रोलरने दाबलेला मुरूम. त्या मुरुमात पहार मारली तर ती आत न शिरता खणकन उडते. पावसाळ्यातल्या ऐन ओल्या दिवशी अशी जमीन उघडली तर बोटभर खालची माती कोरडी ठणठणीत सापडते, किंवा उलट, पाणी कोठून तरी शिरून साचल्यामुळे माती काळपट झालेली असते आणि तिला गटारासारखा आंबट वास येतो. पहिल्या ठिकाणी झाड तहानेने मरते आणि दुसऱ्या ठिकाणी गुदमरून, पण शेंड्यावरचे लक्षण दोन्हींकडे एकच दिसते. नुसता शेंडा पाहून पाणी वाढवणे किंवा बंद करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

साधी चाचणी अशी : खोडापासून चार-पाच फुटांवर जमीन उघडून लांब स्क्रूड्रायव्हर हाताने दाबावा. तो वीतभर सहज गेला तर जमीन ठीक आहे. गेला नाही तर तेथे फूटभर खोल, लहान खड्डा हळूच करून त्यात पाणी भरावे. काही तासांत पाणी जिरले तर निचरा आहे, दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच राहिले तर नाही. मुंबईत अनेक इमारती भराव घातलेल्या जमिनीवर उभ्या आहेत आणि पुण्याच्या काही भागांत चिकट काळी माती आहे, तेथे ही चाचणी टाळू नये.

उपाय करताना पेव्हर किंवा काँक्रीट खोडापासून सर्व बाजूंनी किमान एक मीटर काढावे. हा आकडा माझ्या मनाचा नाही. दिल्लीतील झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवतीच्या एक मीटर अंतरातील काँक्रीट हटवण्याचा आदेश दिला होता. मोठ्या झाडाला एक मीटरही अपुराच पडतो, त्यामुळे जागा असेल तेथे अधिक मोकळे करावे. काम छिन्नी-हातोड्याने आणि हलक्या पहारीने करावे, ब्रेकर मशीन लावू नये. ठेकेदाराच्या माणसांसमोर सोसायटीतील एका जबाबदार व्यक्तीने उभे राहावे, कारण दिसलेले मूळ ‘आडवे येते’ म्हणून तोडून टाकणे ही त्या कामातली नेहमीची सवय आहे. अंगठ्याहून जाड एकही मूळ कापले जाऊ नये. उघड्या जागेत नव्याने मातीचा भराव घालू नये. दोन इंच चांगले कुजलेले कंपोस्ट पसरावे, त्यावर आवारातलाच पालापाचोळा तीन इंच अंथरावा आणि खोडालगतची चार बोटे जागा मोकळी ठेवावी. आळे उथळ करावे. वाळणाऱ्या झाडाला युरिया देऊ नये. ज्या झाडाला आहे तीच पाने पोसता येत नाहीत, त्याला नवी पाने काढायला भाग पाडण्यात अर्थ नाही.

जमीन फारच दाबली गेली असेल तर खोडापासून मीटरभर अंतर सोडून, दोन-दोन फुटांवर, पहारीने दीड फूट खोल अरुंद भोके पाडून त्यांत जाड वाळू आणि कंपोस्ट भरावे. खाली विजेची केबल किंवा गॅसची पाइपलाइन नाही याची खात्री होईपर्यंत मात्र पहार उचलू नये. यानंतर त्या जागेवर गाडी उभी राहिली तर सगळे श्रम वाया जातात. पार्किंगचा हा वाद प्रत्येक सोसायटीत होतो आणि तो तांत्रिक उपायांनी सुटत नाही. सर्वसाधारण सभेत मांडण्यासारखा एक मुद्दा एवढाच की एप्रिल-मे महिन्यांत त्या झाडाखालची जागा मिळावी म्हणून भांडणारे आणि झाडाभोवतीची जागा सोडायला नकार देणारे सभासद बहुधा तेच असतात.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, बारीक धारेने, बराच वेळ पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी वरच्या वर शिंपडण्याचा उपयोग होत नाही. गाड्या धुतलेले साबणाचे पाणी, टाकी साफ केल्यानंतरचे क्लोरिनचे पाणी आणि गिलाव्याच्या कामातले सिमेंटमिश्रित पाणी आळ्याकडे येत असेल तर त्याची वाट वळवावी. इमारतीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना मिक्सर नेमका झाडाखालच्या सावलीत ठेवला जातो, तो हलवण्यास सांगावे.

पाचवी तपासणी : कीड

जमीन ठीक निघाली, किंवा ठीक करूनही पुढच्या पावसाळ्यात झाड पालवले नाही, तर किडीकडे वळावे. कीड बहुधा आधीच थकलेल्या झाडावर चढते, म्हणून तिचा क्रमांक जमिनीनंतर.

रेन ट्रीखाली उभ्या केलेल्या गाड्यांवर चिकट थेंब पडत असतील, खालच्या पानांवर काजळीसारखा काळा थर आला असेल आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल, तर पिठ्या ढेकूण आहे. मुंबईतील अनेक जुने रेन ट्री या किडीने वाळले आहेत, त्यामुळे हे लक्षण हलके घेऊ नये. झाड लहान असेल किंवा फांद्या हाताशी असतील तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. मुंग्या या ढेकणांची राखण करतात. त्यांची वाट अडवण्यासाठी खोडाभोवती चिकट पट्टी गुंडाळावी आणि पाऊस संपताच काढून टाकावी. तीन-चार मजली उंचीच्या झाडावर सोसायटीने स्वतः रासायनिक फवारणी करू नये, ते औषध निम्मे लोकांच्या खिडक्यांत जाते.

आंब्याच्या खोडावर भोक आणि त्याच्याखाली ताजा भुसा दिसला तर भिरूड आत आहे. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ही जाड, पिवळसर अळी लाकूड पोखरत जाते. भुसा झाडून टाकावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पुन्हा भुसा पडला तर अळी जिवंत आहे. टोकाला आकडा केलेली लवचिक तार भोकात सरकवून अळी ओढून काढावी किंवा आतल्या आत मारावी आणि भोक चिकणमातीने लिंपावे. एक-दोन भोके असतील तरच हे करावे. बुंध्यावर सगळीकडे भोके असतील तर तो तज्ज्ञाचा विषय आहे.

वाळवीबद्दल मात्र उगाच घबराट असते. खोडावरचे मातीचे पापुद्रे ब्रशने काढून खालची साल पाहावी. वाळवी बहुधा मेलेली साल आणि मेलेले लाकूड खाते. खालची साल जिवंत असेल तर झाडाला मारणारी ती नव्हे.

नारळाचे झाड या सगळ्यात वेगळे आहे. त्याला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो गेला की झाड गेले. झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी दिसत असतील तर गेंड्या भुंगा आणि खोडातून तपकिरी स्राव येत असेल तर सोंड्या भुंगा असण्याचा संभव आहे. मधला कोंब सुकू लागल्याचे दिसताच वर चढणाऱ्या जाणकार पाडेल्याला बोलवावे, एक आठवडाही थांबू नये.

सहावी तपासणी : खोडाची पोकळी

येथपासून तपासणी करणे आणि उपाय करणे यांत अंतर पडते. पाहायचे आपण, ठरवायचे तज्ज्ञाने.

लाकडी हातोडीने खोडावर खालपासून छातीच्या उंचीपर्यंत, सगळीकडून ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो आणि पोकळ भागाचा घुमल्यासारखा. पोकळी आढळली म्हणजे झाड पडणारच असे नाही, कारण झाडाचा भार बाहेरचे लाकूड पेलते आणि बाहेरच्या भिंतीची जाडी पुरेशी असेल तर पोकळ झाड अनेक वर्षे उभे राहते. तज्ज्ञ मंडळी ढोबळ मानाने भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश आहे का हे पाहतात, पण ती मोजण्यासाठी उपकरणे लागतात आणि झाडाचा कल, भेगा, मुळांची अवस्था यांचाही हिशेब धरावा लागतो. पोकळीत विटा-सिमेंट भरण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी दिसते. ती बंद करावी. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, दोहोंच्या मधल्या फटीत पाणी साचते आणि कुजणे वाढते.

सातवी तपासणी : फांद्यांची छाटणी

वाळलेल्या फांद्या धोकादायक असतात आणि त्या काढाव्याच लागतात. आपल्याकडे मात्र पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या नावाखाली झाडाचा मुंडा केला जातो. सगळा शेंडा छाटला की झाडाची अन्न बनवण्याची सोयच जाते, जाड फांद्यांची तोंडे उघडी राहून कुजतात आणि त्यांच्या कडेने जे फुटवे येतात त्यांचा जोड इतका कच्चा असतो की दोन-चार वर्षांनी तेच मोडून खाली येतात. केवळ रस्त्याच्या किंवा तारांच्या बाजूच्या फांद्या काढल्या तर झाड दुसऱ्या बाजूला झुकते.

जमिनीवर उभे राहून हाताला येणारी, मनगटाहून बारीक, वाळलेली फांदी सोसायटीच्या माळ्याने काढावी, पण त्यासाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी चौकशी करावी. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे बुडाशी एक फुगीर कड असते. जखमेवर चढणारे नवे लाकूड तेथूनच वाढते. करवत त्या कडेच्या अगदी बाहेरून चालवावी, कड कापू नये आणि खुंटही ठेवू नये. आधी थोडे पुढे, खालून वर अर्धवट काप द्यावा, मग त्याच्याही पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला भाग कडेजवळ कापावा. थेट वरून कापल्यास फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून वेगळी पाडते आणि तिच्यावर नवे लाकूड चढवते. म्हणून कापावर डांबर किंवा रंग फासल्याने झाडाला मदत होत नाही. दमट हवेत आंब्यासारख्या झाडाला बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावायची असेल तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे आणि ती प्लास्टिकच्या भांड्यात करावी, लोखंडी भांड्यात नव्हे. छाटणीपूर्वी घरटी पाहावीत. बगळ्यांच्या वस्त्या ऐन पावसाळ्यात भरलेल्या असतात आणि घरटी पाडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

येथे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर स्वतः काही करू नये. बुंध्याशी किंवा मुळांवर गॅनोडर्मासारखी टणक, चकचकीत तपकिरी भूछत्रे आली आहेत. ती दिसेपर्यंत आतले लाकूड बरेच कुजलेले असते आणि भूछत्र तोडून टाकल्याने कुजणे थांबत नाही. झाड पूर्वी सरळ होते आणि आता कलले आहे, किंवा कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलली जाऊन तेथे भेग पडली आहे. दोन मुख्य फांद्यांच्या बेचक्यात किंवा खोडात उभी चीर आहे. फांदी विजेच्या तारांजवळ आहे. काम करण्यासाठी शिडी लावावी लागणार आहे.

कल आणि उचललेली जमीन यांची जोडी दिसली तर ती आणीबाणी समजावी : खालची वाहने हलवावीत, दोरी बांधून जागा बंद करावी आणि मुंबईत असल्यास महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर, इतरत्र अग्निशमन दलाला कळवावे. तारांचा प्रश्न असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही झाडाजवळ जाऊ देऊ नये. इतर प्रकरणांत वृक्षतज्ज्ञाकडून लेखी अहवाल घ्यावा आणि तो जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तज्ज्ञ निवडताना एक खूण लक्षात ठेवावी : जो माणूस जमिनीकडे न पाहता तोडणीचा दर सांगतो, त्याला परत पाठवावे.

आवार खासगी असले तरी झाडाच्या बाबतीत सोसायटीला पूर्ण मोकळीक नसते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि कायद्यातील ‘तोडणे’ या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे येते. बुंध्यात ॲसिड ओतणारे महाभाग त्यातून सुटत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही घातली आहे. चाळीस वर्षांचा रेन ट्री तोडायला निघालेल्या समितीला हा हिशेब मांडून दाखवला की पेव्हर उचलण्याचा खर्च एकदम परवडू लागतो, असा माझा अनुभव आहे.

उपायानंतर

जमिनीचे काम शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर पावसाळा संपल्यावर किंवा हिवाळ्यात करावे, म्हणजे भिजलेल्या मऊ जमिनीत मुळे उघडी पडून झाड हलण्याचा धोका राहत नाही आणि उन्हाळ्यापूर्वी नवी मुळे फुटायला वेळ मिळतो. त्यानंतर पहिल्या पावसाळ्यात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. मुळे आधी सावरतात आणि शेंडा नंतर. एकाच जागेवर उभे राहून दर तीन महिन्यांनी झाडाचा फोटो काढावा, कारण नुसत्या आठवणीवरून झाड सुधारले की बिघडले हे सांगता येत नाही. मेलेल्या काटक्या पुन्हा हिरव्या होणार नाहीत. पाहायचे ते एवढेच की त्यांच्या खालच्या फांद्यांवरची पाने मागील वर्षापेक्षा मोठी आणि दाट आली आहेत का, आणि वाळण्याची रेषा खाली सरकायची थांबली आहे का. दोन पावसाळ्यांनंतरही ती रेषा खाली येत असेल तर तज्ज्ञाला पुन्हा बोलवावे.

झाड गेलेच, आणि ते बुंध्यावरच्या भूछत्रांमुळे गेले असेल, तर त्याच खड्ड्यात नवे झाड लावू नये. बुरशी जुन्या मुळांत शिल्लक असते. शक्य तेवढी जुनी मुळे काढून, काही फूट बाजूला सरकून, जागेच्या मापाचे झाड निवडावे. इमारतीपासून दहा-बारा फूटच जागा असेल तर ताम्हण, बहावा किंवा सीता अशोक लावावा. रेन ट्रीला तेथे जागा नाही. आणि खड्डा भरण्यापूर्वी भोवतालच्या पेव्हरची हद्द मीटरभर मागे घेण्याचा ठराव समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा.